मुका मार

१९ जानेवारी

वन्सं,

'इकडील सर्व क्षेम' असं पत्रात आधी लिहायची आपल्यात पद्धत आहे. ती ओळ मी गाळते आहे, राग मानू नकोस. पत्र बघून तुला नवल वाटेल. घरात फोन आहे, पण तो तुझ्या भावाच्या खिशात असतो आणि तुझ्या भावाचा खिसा म्हणजे पोलीस चौकी. म्हणून लाँड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावरच पाठव आणि पाकिटावर तुझं नाव घालू नकोस.

काम असं आहे. माझ्या डाव्या छातीवर एक चट्टा आलाय, तळहाताएवढा. मी मुळातच काळी, पण चट्टा माझ्याहून काळा, कडेला जांभळट. हात लावला की गरम लागतो. कातडी जाड झाली आहे आणि तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी भोकं दिसतात. गाठ म्हणशील तर नाही, मी खूप चाचपून पाहिलं. पण ती बाजू जड झाली आहे, न पिळलेल्या चादरीसारखी.

कशाने झालं विचारशील, तर कपाटाचं दार लागलं. मुका मार आहे, उतरेल, म्हणून गप्प बसले. पण उतरायचं नाव नाही. आमच्याकडे मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर एक बाई आहे, सगळे तिला रोलरवालीच म्हणतात. माझी मैत्रीण. तिच्या फोनवर तुमच्या हॉस्पिटलची वेबसाइट उघडली. कॅन्सरच्या रुग्णांच्या कहाण्या तू लिहितेस हे माहीत होतंच, त्या सगळ्या वाचल्या. छान लिहितेस गं, रडू येतं. पण तुझी प्रत्येक बाई म्हणते, 'एके सकाळी आरशात पाहिलं तर लाल चट्टा.' लालसर, लाल, लालबुंद. फोटोतही टोमॅटोसारखा. माझा लाल नाही. म्हणजे माझं ते नाही ना? एवढंच कळव. आणि भावाजवळ बोलू नकोस. कपाटाच्या दाराची गोष्ट, उगाच वाढायची.

आणखी एक. तुमच्या त्या पानांवर सगळे या परक्या देशातलेच लोक, गोरेगोमटे. आपल्या रंगाचा एकच माणूस दिसला, तो एका गोऱ्या आजीची व्हीलचेअर ढकलतोय. आपल्यात कॅन्सर होत नाही वाटतं! तसं असेल तर बरंच आहे बाई, एवढं तरी सुख.

तुझी वहिनी

२७ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र दारात उभ्यानेच वाचलं. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तू निवांत झोपशील. लाल नाही ना? मग घाबरू नकोस. मी इतक्या बायकांशी बोलले आहे, आमच्या डॉक्टरांच्या माहितीतही पहिलं लक्षण लालीच असतं. तुझं काळं-जांभळं आहे म्हणजे रक्त साकळलं आहे. मुका मारच तो. गरम पाण्याचा शेक दे. अगदीच राहवलं नाही तर जवळच्या डॉक्टरला दाखव.

कपाटाच्या दाराचं काय लिहू? तू पहिल्यापासूनच धांदरट. दादा कसा आहे? गोदामात मुकादम झाल्यापासून त्याच्या डोक्याला ताप फार आहे, तू जरा सांभाळून घे. डोकं तापट आहे, पण मन चांगलं आहे त्याचं, तुला मी काय सांगायचं.

व्हीलचेअरवाल्याचं वाचून ऑफिसात मोठ्याने हसले. खरं आहे तुझं. मी आमच्या प्रसिद्धी विभागाच्या मॅडमना एकदा बोलले होते. त्या म्हणाल्या, 'तुमचे लोक फोटोला तयारच होत नाहीत.' त्यांनी विचारलं कोणाला, देव जाणे. मीही पुढे काही बोलले नाही. नोकरी नवीन होती.

शेक विसरू नकोस.

तुझी लाडकी वन्सं

२ एप्रिल

वन्सं,

तू सांगितलंस तसा शेक दिला. शेकाने ते आणखी फणफणलं.

मग डॉक्टरकडे गेले. इथलाच, तरुण, नखं अगदी स्वच्छ. त्याने चट्ट्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज मऊ करून विचारलं, "घरी काही होतं का?" छाती दाबूनसुद्धा पाहिली नाही. माझा रंग पाहिला आणि पुढची गोष्ट त्याची त्यानेच रचून टाकली. मलम दिलं आणि वर एक पत्रक. मार खाणाऱ्या बायकांसाठी, खाली फोन नंबर. वन्सं, गंमत बघ. आजार त्याने चुकीचा ओळखला, नवरा मात्र बरोबर ओळखला.

हो. कपाटाचं दार नव्हतं. तुला ते कळलं होतं, म्हणून तर तू माझ्या छातीच्या चौकशीत त्याच्या मनाचा चांगुलपणा घातलास. मी जेवण वाढत होते, पाणी द्यायला उशीर झाला, त्याने कोपर मारलं. नेमकं तिथेच. म्हणून मी मुका मार म्हणत राहिले. माझ्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं, कारण माझ्या अंगावर मुक्या माराशिवाय दुसरं काही उठतच नाही.

ते पत्रक त्याला माझ्या पर्समध्ये सापडलं. "परक्यांत माझी बदनामी करतेस?" केसांना धरून त्याने माझं डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. दात ओठात घुसला. मी पडल्यावर लाथा मारल्या, आणि कुठे दुखतंय ते माहीत असल्यामुळे तिथेच मारल्या. मारताना एक वाक्य तो दर वेळी म्हणतो, तुला पाठ करून ठेवता येईल: "ओरडतेस कशाला, काळ्या कातडीवर वळ उठत नाहीत. कोणाला काय दाखवणार आहेस?" शुद्धीवर आले तेव्हा तो मला पाणी पाजत होता आणि रडत होता. रडतो तो नेहमी. मन चांगलं आहे ना.

रोलरवाली मला ओढत दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली नर्स आपल्यातली होती. तिने चट्ट्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच आहे. गाठ न होणारा, कातडीतून पसरणारा, फार घाईचा. आधी यायला हवं होतं म्हणाल्या. मी विचारलं, मग लाल का नाही झालं? त्या म्हणाल्या, "तुमच्या रंगावर ते लाल दिसतच नाही. काळपट दिसतं, मार लागल्यासारखं."

हे तुझ्या एकाही कहाणीत का नाही गं? तुझ्या हातात लेखणी, तुझ्या अंगावर माझाच रंग, आणि तुला ठाऊक नव्हतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

केमो सुरू झाली आहे. त्याला सांगितलं. तो रडला.

वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

चार वेळा कागद फाडला. क्षमा मागायला तोंड नाही. 'शेक दे' हे माझ्या हातचे शब्द आहेत, रात्रंदिवस तेच दिसतात. मला खरंच ठाऊक नव्हतं. ज्या डॉक्टरांकडून मी लिहून घेते त्यांच्या पुस्तकातले फोटोही गोऱ्याच बायकांचे. दुसऱ्या रंगावर कसं दिसेल हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, आणि मी तर रोज आरशात बघते.

दादाबद्दल लिहिणं मला जमत नाही. जमेल तेव्हा लिहीन.

आता जे करता येण्यासारखं आहे ते सांगते. मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं की आपल्या पानांमुळे माझ्या वहिनीला उशीर झाला. त्या घाबरल्या. मग म्हणाल्या, वरूनही ओरड चालू आहे की कहाण्यांत सगळे एकाच रंगाचे आहेत, एखादा सावळा चेहरा हवाच आहे. 'तुमच्या वहिनी देतील का कहाणी? प्रेरणादायी हवी हं.' त्यांच्या तोंडून ऐकताना किळस आली, पण दार उघडलंय हे खरं. तुझा चट्टा तुझ्या रंगावर कसा दिसतो त्याचा फोटो त्या पानावर गेला, तर तुझ्यासारखी एखादी बाई तो बघेल आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाईल. आपल्या हजारो बायका तो फोन हातात धरून बसलेल्या असतील, लाल शोधत.

देशील का?

वन्सं

२० एप्रिल

वन्सं,

देते. केस गेले आहेत, भुवयाही गेल्या आहेत, फोटोत अंड्यासारखी दिसेन. चालेल. सोबत कागदावर सगळं लिहिलं आहे, ते तुझ्या सुबक शैलीत इथल्या लोकांच्या भाषेत घाल. चट्ट्याचा फोटो रोलरवालीने काढलाय, ती तिच्या फोनवरून पाठवेल. चेहराही दाखव, मला लाज नाही. लाज वाटायची होती तेवढी वाटून झाली.

एक अट आहे. चट्टा मला मुका मार का वाटला, ते त्यात आलंच पाहिजे. 'माझा नवरा मला मारतो, म्हणून मला वाटलं हाही त्याचाच डाग.' हे वाक्य जसंच्या तसं. ते काढलंस तर कहाणीला अर्थच उरत नाही. वाचणारी म्हणेल, ही बाई इतके दिवस बसली का, अडाणी होती का? मी अडाणी नव्हते. मार खात होते. आणि जी मार खाते तिला प्रत्येक डाग माराचाच वाटतो. अशा बायका त्या लाल शोधणाऱ्यांत किती असतील, विचार कर. मला त्यांच्याशी बोलायचं आहे, बाकी कोणाशी नाही.

तो तुझा भाऊ आहे हे मला माहीत आहे. परवा केमोहून आले, पायात जीव नव्हता, भिंत धरून चालत होते. त्याने पाय आडवा घातला. चेष्टेने, म्हणे. कपाळ उंबऱ्यावर फुटलं. ओकारी झाली तर तीही माझ्याकडूनच पुसून घेतली. हेही हवं तर घाल. माझ्याकडे माल भरपूर आहे.

वहिनी

९ मे

प्रिय वहिनी,

कहाणी उद्या लागते आहे. छापील प्रत सोबत आहे. वाचण्याआधी माझं ऐक.

मी तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं होतं. मॅडमनी ते खोडलं. मी भांडले. त्या म्हणाल्या, 'इथल्या लोकांना आधीच वाटतं की तुमच्यात सगळे बायकांना मारतात. पहिलीच कहाणी तुमची, आणि तीच अशी? तुमच्याच लोकांचं नुकसान कराल.' वहिनी, तूच सांग. त्या डॉक्टरनेही तेच केलं होतं ना तुझ्याशी, रंग बघून? आपल्या रंगाचा एकच माणूस त्या पानांवर येणार, आणि तो बायकोला मारणारा? गोऱ्या बायकांचे नवरेही काही कमी नाहीत. एकीने मला सांगितलं होतं की नवऱ्याने बशी फेकून तिचं कपाळ फोडलं, तीही गोष्ट मी गाळली होती. पण गोऱ्यांच्या शंभर कहाण्यांत एक गाळली तर ती हरवून जाते. आपली एकच आहे.

आणि दादाही आहे. त्याची नोकरी, आईबाबांच्या मागे त्याने मला शिकवलं ते. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून 'घरात अपघाताने मार लागला होता' असं केलं आहे. शेवटी एक ओळ मॅडमनी घातली: 'या लढाईत पती खंबीरपणे पाठीशी उभे राहिले.' ती मला काढता आली नाही. खरं म्हणजे मी फार प्रयत्न केला नाही.

फोटो मात्र आहे. तेवढं तरी झालं.

तुझी वन्सं

३० मे

वन्सं,

पाठीशी उभा नव्हता गं तो. पाठीवर उभा होता.

तुझी कहाणी रोलरवालीने मला वाचून दाखवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकला होता, तुम्ही तो छापूनही दाखवलात. आणि फोटो तू नीट पाहिलास का? कोणीतरी उजेड वाढवलाय. माझा चेहरा धुऊन काढल्यासारखा उजळ, मलाच ओळखू येईना. तो एक वेळ सोड. चट्टाही उजळलाय. गुलाबी दिसतोय. लाल, वन्सं! तुमच्या पानावर येऊन माझासुद्धा चट्टा लाल झाला. आता सांग, कोणती काळी बाई तो बघून दवाखान्यात जाणार?

पण एकाला कहाणी फार आवडली. गोदामात कोणीतरी त्याला दाखवली. 'खंबीर पती' म्हणून हार घालायचे तेवढे बाकी राहिले. रविवारी दुपारी सहा जणांना घेऊन घरी आला, माझ्याकडून सगळ्यांचं जेवण करून घेतलं आणि तो फोन हातोहात फिरवला. मला मधे उभं करून खांद्यावर हात टाकला. "ही जगली ती माझ्यामुळे." एक जण तर डोळे पुसत होता. मी म्हटलं, "पुढचंही सांगा ना, चट्टा कशाने झाला असं मला वाटलं होतं ते." एवढंच बोलले. तो हसला. सगळेही हसले.

ते गेल्यावर त्याने दाराला कडी घातली. मला खोलीत ढकललं, पोटावर गुडघा रोवला आणि उशी तोंडावर दाबली. तो पाहुण्यांना खाली सोडायला गेला तेवढ्यात मी तिथे शर्ट इस्त्रीला घेतला होता, त्याचाच, सोमवारचा. इस्त्री तापलेली होती. हाताला वायर लागली, ती ओढली. त्याच्या दंडावर पूर्ण इस्त्री टेकवली आणि दाबून धरली. मी रोज किती चादरी दाबते, मला माहीत आहे किती वेळ धरायची. तो असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्यांनी दार ठोकलं. मांस जळल्याचा वास आला. आणि वन्सं, वळ उठला. अख्खा त्रिकोण, कडेने सोलवटलेला, आत ओला. काळ्या कातडीवर. सगळ्यांना दिसला.

मी त्याच पावली निघाले. रोलरवालीकडे आहे. केमो चालू आहे. तू आता लिहू नकोस. तुझं लिखाण मी पुरेसं वाचलं.

वहिनी

१२ जून

वहिनी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. वाचायचं की नाही ते तू ठरव.

मंगळवारी सकाळी दादा आला. दंडाला पट्टी होती. तू कुठे आहेस विचारलं. मी सांगितलं नाही. मला वाटत होतं की मला तो हात लावणार नाही. लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा माणूस. "तूच भरवलंस तिच्या डोक्यात," म्हणाला, आणि उलट्या हाताने तोंडात मारली. मी पडले. त्याने माझा डावा दंड पायाखाली धरला आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभा राहिला. मला आवाज ऐकू आला. मग तो शांतपणे म्हणाला, "ओरडतेस कशाला?" पुढचं वाक्य तुला पाठ आहे. तू पत्रात लिहिलं होतंस तेव्हा मी ते वाचलं होतं, पण ऐकलं नव्हतं. मोठ्या बुटांचा आणि त्या वाक्याचा मिळून भार किती होतो, ते मला आता कळलं.

हाड मोडलं आहे. आतून ओठाला टाके पडले आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ असं मी तुला लिहिलं होतं. माझा ओठ माझ्याच दातांनी फाटला, मारणाऱ्याचे दात शाबूत आहेत. तक्रार केली आहे. त्याला धरून नेलं. जामिनावर सुटेल असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालण्याआधी मी माझ्या दंडाचा फोटो काढून घेतला. काळानिळा, कडेला जांभळट, सुजलेला. मी तो बघत बसले. तुझ्या पहिल्या पत्रातलं वर्णन शब्दाला शब्द तेच. मला कोणी विचारलं असतं यातला आजार कोणता आणि मार कोणता, तर मला सांगता आलं नसतं.

वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. शुक्रवारी सकाळी एका हाताने मी तुझं पान उघडलं. 'पती पाठीशी' काढलं. तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं. रोलरवालीने पाठवलेला तुझा मूळ फोटो लावला, उजेड न वाढवता, आणि त्याच्या शेजारी माझा दंड. खाली दोन्ही भाषांत लिहिलं: 'डावीकडे कॅन्सर आहे. उजवीकडे माझ्या भावाने मारलं आहे. काळ्या कातडीवर दोन्ही असे दिसतात. माराचा डाग रंग बदलत जातो आणि काही आठवड्यांत जातो. कॅन्सरचा जात नाही, पसरतो, गरम लागतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते. मार खात असाल तरीही हा डाग दाखवा. डॉक्टर म्हणाला मार आहे, तरी तुकडा काढून तपासा म्हणून हटून बसा.' आपल्या लोकांचं नाव खराब होईल का, हा विचार त्या वेळीही आला. मग वाटलं, नाव राखायला माणसं तरी उरायला हवीत.

दुपारी मॅडमनी पान काढलं. संध्याकाळी मला काढलं. तेवढ्या वेळात कोणी पाहिलं असेल का, मला माहीत नाही.

वन्सं

३ जुलै

वन्सं,

पाहिलं. रोलरवालीने सकाळीच पाहिलं, आणि तिच्या फोनवर जे एकदा येतं ते गावभर झाल्याशिवाय राहत नाही. तिने दोन्ही फोटो रंगीत छापून आमच्या कपडे बदलायच्या खोलीत लावले. आधी बायकांनी नाकं मुरडली. मग एकेक करून आतून कडी लावायला लागल्या. एरवी कोणाच्या अंगावर काय आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी दाखवलं. वन्सं, त्या खोलीत इतके डाग निघाले की मी मोजायचं सोडून दिलं. आपल्याच नाही, इथल्या दोघीतिघींचेही होते. कोणाचा पट्ट्याचा, कोणाचा चाव्याचा, एकीचा काडी विझवल्याचा. सगळ्या आपापल्या डागाशेजारी तो कागद धरून बघत होत्या. कोणी हसत होतं, कोणी शिव्या देत होतं.

घड्या घालायच्या टेबलावर एक पोरगी आहे, तान्हं बाळ आहे तिला. डॉक्टरने दूध साकळलंय म्हणून गोळ्या देऊन दोनदा परत पाठवलं होतं. तिचा डाग कागदावरच्या माझ्या डागासारखाच निघाला. ती तो कागद भिंतीवरून काढून घेऊन गेली आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवून म्हणाली, तुकडा काढल्याशिवाय मी उठत नाही. त्याने आवाज चढवला, तिनेही चढवला. काल निकाल आला. तेच आहे. पण सुरुवात आहे, पुढे कुठे गेलेलं नाही. तिचे डोळे रडून सुजलेत आणि ती मला मिठी मारून मारून हैराण करते आहे. मी तिला म्हटलं, अगं बाई, ती बाजू दुखते माझी.

माझं ऐक आता. माझ्या यकृतात उतरलं आहे. डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेऊन सांगितलं, म्हणजे फार दिवस नसणार. जानेवारीत आले असते तर, हा हिशोब मी करायचा सोडला आहे, तूही सोड. मी तुझ्यावर चिडले होते. अजून थोडी आहे. पण तुझा दंड माझ्या छातीशेजारी लागलेला बघितला तेव्हा रागाला बसायला जागा उरली नाही. बरा होईपर्यंत त्या हाताने ओझं उचलू नकोस.

एक काम सांगते, ते कर. मी गेल्यावर तो येईल. कोणी अडवणार नाही, नवराच आहे शेवटी. तो रडेल, आणि खरंच रडेल, त्याला चांगलं जमतं. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवतील आणि म्हणतील, शेवटपर्यंत पाठीशी होता बिचारा. त्या वेळी तू अगदी त्याच्यासमोर येऊन उभी राहा आणि बाही वर कर. तोवर तुझा डाग गेलेला असेल, काहीच दिसणार नाही. तरीही वर कर, आणि लोक विचारेपर्यंत खाली घेऊ नकोस.

तुझी वहिनी